करून बघता येईल असं पुस्तक

2019 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल लिथियम-आयन बॅटरीसाठी तिघांना विभागून मिळालं. त्यातले एक जपानचे अकिरा योशिनो. विज्ञानाची गोडी कुठून लागली, या प्रश्नावर त्यांनी एका पुस्तकाचं नाव घेतलं. चौथीत असताना शिक्षकांनी सुचवलेलं, इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेचं ‘द केमिकल हिस्टरी ऑफ अ कँडल’. त्याच्या तीनच वर्षं आधी वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेले योशिनोरी ओसुमी यांनीही आपल्या लहानपणच्या वाचनात हेच पुस्तक सांगितलं होतं. 1861 साली लंडनमध्ये छापलेलं पुस्तक, रंगीत चित्रं नाहीत, आणि विषय काय, तर मेणबत्ती!

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1825 पासून नाताळच्या सुमारास मुलांसाठी व्याख्यानं होतात. त्यातल्या एकोणीस व्याख्यानमाला एकट्या फॅरडेने दिल्या. मेणबत्तीवर तो आधीही बोलला होता. 1860च्या डिसेंबरात, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, तोच विषय त्याने पुन्हा घेतला. ही सहा व्याख्यानं लघुलेखकाने टिपून घेतली, विल्यम क्रुक्स या तरुण रसायनशास्त्रज्ञाने संपादित केली, आणि पुस्तक झालं. म्हणजे फॅरडेने ते लिहिलेलं नाही, तो ते बोललेला आहे. वाचताना हे सारखं जाणवतं. मध्येच तो काहीतरी हातात उचलतो, पेटवतो, मुलांना पुढे वाकून बघायला लावतो.

सुरुवातीला तो टेबलावर नाना तऱ्हेच्या मेणबत्त्या मांडतो. चरबीच्या, मधमाश्यांच्या मेणाच्या, देवमाशाच्या डोक्यातून मिळणाऱ्या मेणाच्या, पॅराफिनच्या. आयर्लंडच्या दलदलीतलं, नुसतं पेटवलं तरी मेणबत्तीसारखं जळणारं लाकूडही त्यात आहे. आणि एका मित्राने पाठवलेलं जपानी मेण आहे. पाश्चात्त्यांनी जपानचे दरवाजे बळजबरीने उघडायला लावले त्याला तेव्हा काहीच वर्षं झाली होती, आणि फॅरडे तसं स्पष्ट सांगतोही. जेमतेम शंभर वर्षांनी त्याच देशातल्या शाळकरी पोराच्या हातात हे पुस्तक पडायचं होतं.

मग प्रश्न सुरू होतात. मेण घट्ट, ज्योत वर. खालचं मेण वर पोचतं कसं? फॅरडे आधी मेणबत्तीच्या माथ्यावरची वाटी दाखवतो. ज्योतीमुळे तापलेली हवा वर जाते, तिच्या जागी बाजूने गार हवा येते, ती मेणबत्तीच्या कडा थंड ठेवते. मधलं मेण वितळतं, कड शाबूत राहते. आपोआप वाटी तयार! नक्षीदार, खाचा पाडलेल्या मेणबत्त्या दिसायला देखण्या, पण त्यांची वाटी धड होत नाही आणि मेण ओघळतं. दिसायला छान आणि कामाला छान यातला फरक तो इथे सहज सांगून जातो.

वाटीतलं पातळ मेण वातीतून वर चढतं ते केशाकर्षणाने, म्हणजे निरांजनात तूप ज्या कारणाने ज्योतीपर्यंत पोचतं त्याच कारणाने. ते दाखवायला तो मिठाचा एक खांब घेतो आणि त्याच्या बुडाशी निळं रंगवलेलं खारं पाणी ओततो. निळा रंग खांबात हळूहळू वर चढताना दिसतो. (पाणी खारंच का? साधं पाणी मीठ विरघळवून टाकेल, म्हणून. चांगल्या शिक्षकाने हे आधीच योजलेलं असतं.) पण एवढं मेण वर येतंय तर ज्योत वातीवरून खाली का धावत नाही? वितळलेलं मेणच तिला विझवतं. मेणबत्ती उलटी धरा, मेण वातीवर भसाभस उतरतं आणि ज्योत मालवते.

आणि मग या पुस्तकातला माझा सगळ्यात आवडता भाग. मेणबत्ती हलकेच फुंकून विझवायची. वातीतून पांढरट धुराची रेघ वर जाते. जळती काडी वातीला न लावता दोन-तीन इंच वर, त्या रेघेत धरायची. ज्वाला रेघेवरून उडी मारून खाली येते आणि वात पेटते. वरकरणी जादूच, पण समजतं ते पक्कं: जळते ती मेणाची वाफ. घट्ट मेण नाही, पातळही नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही.

पुढे ज्योतीच्या पोटात कागदाचा तुकडा क्षणभर आडवा धरला की काळं कडं उमटतं, मधला भाग कोराच राहतो. उष्णता कडेला आहे, मध्ये नाही. ज्योतीवर थंड भांडं धरलं की त्याला पाण्याचे थेंब येतात. आगीतून पाणी! तिथून हायड्रोजन, ऑक्सिजन, हवा, कार्बन डायऑक्साइड, आणि शेवटच्या व्याख्यानात गाडी थेट माणसाच्या श्वासावर येते. माणूस दिवसभरात सात औंस, म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम कार्बन ‘जाळतो’ आणि घोडा एकोणऐंशी औंस, असे आकडे फॅरडे देतो. ही आग ज्वालेविना धुमसते, एवढाच फरक.

खरं सांगायचं तर मधली दोन व्याख्यानं आज वाचताना रेंगाळतात. विजेने पाण्याचं विघटन समोर बघण्यात जी गंमत आहे ती छापील वर्णनात निम्मीही उतरत नाही. तरीही पुस्तक टिकलं. त्याचं कारण शोधायचं तर फॅरडेच्या स्वतःच्या वाचनाकडे जावं लागतं.

लोहाराचा हा मुलगा चौदाव्या वर्षी एका बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा. त्यातलं एक जेन मार्सेट या बाईंचं, 1806 सालचं, रसायनशास्त्रावरचे संवाद. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींची व्याख्यानं ऐकताना बाईंना सगळं नीट कळलं नव्हतं, आणि आपल्यासारख्याच इतरांसाठी त्यांनी हे पुस्तक लिहिलं. मिसेस बी. ही शिक्षिका, एमिली आणि कॅरोलिन या दोन मुली, प्रश्नोत्तरं आणि प्रयोग. लेखिकेचं नाव मात्र कित्येक आवृत्त्यांवर आलंच नाही. मार्सेट 1858 साली वारल्या तेव्हा फॅरडेने एका मित्राला लिहिलं की त्या पुस्तकातल्या गोष्टी त्याने परवडेल तशा छोट्या प्रयोगांनी तपासून पाहिल्या, त्या खऱ्या निघाल्या, आणि आपल्या हाताला भक्कम आधार लागला असं त्याला वाटलं.

मुलांच्या विज्ञान-पुस्तकाला मी तरी हीच कसोटी लावतो: त्यातलं निदान एक तरी विधान वाचणाऱ्या पोराला स्वतः तपासता येतं का? आपल्याकडच्या पुस्तक प्रदर्शनांत चकचकीत कागदावरचे डायनोसॉर, ग्रहमाला, ‘जगातले सर्वांत मोठे’ असले ग्रंथ ढिगाने असतात. मुलांना ते आवडतात आणि आवडू द्यावेत. पण शनीला कडी आहेत हे मूल तिथे केवळ विश्वासावर घेतं. शास्त्रज्ञांची चरित्रं तर आपण फारच लिहिली. गरिबी, चिकाटी, यश. प्रयोग नेमका काय होता, ते मात्र दोन ओळींत गुंडाळलेलं.

दुसऱ्या वाटेची पुस्तकं आपल्याकडेही आहेत. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. पुण्याच्या टेल्को कंपनीत काम करणारे अरविंद गुप्ता 1978 मध्ये तिथे गेले आणि काडेपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर त्यांनी भूमितीची खेळणी बनवली. तीन काड्यांचा त्रिकोण ताठ राहतो, चार काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो. पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, ते बोटांना कळतं. या खेळण्यांचं पुस्तकही निघालं, अनेक भारतीय भाषांत गेलं. पुढे गुप्ता पुण्यातच आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हेच काम करत राहिले. निसर्गाच्या बाजूला, जमाल आरा यांचं पक्षीनिरीक्षणावरचं छोटं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने 1970 साली काढलं. पक्षी खिडकीबाहेर असतात, म्हणजे तपासणीची सोय झालीच.

फॅरडेचं इंग्रजी पुस्तक गुटेनबर्ग प्रकल्पाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. मुलाच्या हातात सरळ देऊ नका, भाषा जुनी आहे. आधी आपण वाचावं आणि एखाद्या संध्याकाळी मेणबत्ती घेऊन दोघांनी बसावं, कारण आगीपाशी मोठं माणूस हवंच. शेवटच्या व्याख्यानातल्या, चुन्याच्या निवळीत श्वास फुंकण्याच्या प्रयोगाला पानवाल्याकडचा चुना चालतो. तो चमच्याने पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, सकाळी वरची स्वच्छ निवळी अलगद ओतून घ्या, आणि मुलाला नळीने तिच्यात फुंकू द्या. फक्त फुंकायचं, ओढायचं नाही. चुना तोंड भाजतो. निवळी दुधासारखी होईल. तिथेच थांबू नका. आणखी बराच वेळ फुंकत राहिलं तर ती पुन्हा निवळू लागते, आणि असं का, हे मूल विचारेल तेव्हा उत्तर तयार ठेवा: श्वासातल्या जादा कार्बन डायऑक्साइडमुळे पांढऱ्या कणांचं पाण्यात विरघळणारं बायकार्बोनेट होतं.