अडतीस सेकंदांना एक टँकर

जालना, सोने का पालना. नवीन जालन्यात वाढलेल्या प्रत्येकाच्या कानावरून ही म्हण गेलेली असते. पण उन्हाळ्यात आमच्या गल्लीत सगळ्यांत गोड हाक कुठली, तर ‘नळ आले!’ ती ऐकू आली की हंडे, घागरी, ड्रम, हाताला लागेल ते भरून ठेवायचं. म्हणूनच ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या सोन्याच्या गावांत पाणी काय भावाने जायचं हे वाचलं आणि मी वही-पेन घेऊन बसलो. तुम्हीही बसा. हे आकडे एकट्याने पचत नाहीत.

१७ सप्टेंबर १८९२. आर्थर बेली घोड्यावरून सदर्न क्रॉस गावात आला आणि त्याने ५५४ औंस सोनं पुढे ठेवलं. त्याला आणि त्याचा जोडीदार विल्यम फोर्डला ते कूलगार्डीला सापडलं होतं. ५५४ औंस म्हणजे सव्वासतरा किलो. सराफाच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने १,७२३ तोळे! तोळ्याला लाख रुपये धरा, हिशेबाला सोपं. झाले सव्वासतरा कोटी. एका घोड्याच्या पाठीवर! पुढच्या जूनमध्ये पॅडी हॅनन आणि त्याच्या साथीदारांना चाळीसेक किलोमीटरवर, कालगुर्लीला सोनं लागलं आणि मग माणसांचा लोंढाच सुटला. १८९१ला अख्ख्या पश्चिम ऑस्ट्रेलियाची वस्ती ४९,७८२ होती. १९०१ला ती १,८४,१२४ झाली. दहा वर्षांत जवळजवळ पावणेचारपट!

आणि ही माणसं कुठे येऊन थडकली? जिथे वर्षाला २६० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे. दुष्काळाचं नाव निघालं की आपलं नाव निघतं, त्या जालन्याची सरासरीसुद्धा साडेसहाशेच्या वर आहे. आसपासची तळी खारट. मग काय करायचं? खारं पाणी लोखंडी टाक्यांत भरायचं, खाली लाकडं पेटवायची, वाफ नळांतून नेऊन थंड करायची आणि थेंबथेंब पाणी गोळा करायचं. हे पाणी टंचाईत गॅलनला दोन शिलिंगांपर्यंत जायचं, कधी त्याहूनही वर. खाणीतल्या मजुराची दिवसाची कमाई दहा शिलिंगांच्या आसपास. म्हणजे दिवसभर राबा आणि पाच गॅलन घ्या. पावणेतेवीस लिटर. आपला पंधरा लिटरचा हंडा धरला, तर दीड हंडा!

हे आजच्या रुपयांत मांडू. मजुरी पाचशे धरा. लिटरला बावीस रुपये पडले. बाटलीबंद पाण्याच्या भावाने आंघोळ, कपडे, भांडी! एक बादली ३३० रुपये. आणि आपल्या दारात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर? दोन लाख वीस हजार रुपये!

अशा गावात सोनं पाण्याने धुणार कोण? माती एका पाटीतून दुसऱ्या पाटीत उंचावरून ओतायची, वारा धूळ उडवून नेणार, जड सोनं खाली राहणार. आपल्या बायका वाऱ्यावर धान्य उपणतात, तसं सोनं उपणायचे! दिवस मावळला की माणूस नखशिखांत लाल, आणि अंग धुवायचं तर उद्याची मजुरी गहाण. घरात एक जाळीचं कपाट असे, चारही बाजूंनी गोणपाट सोडलेलं. वरच्या पत्र्याच्या तबकातलं पाणी गोणपाटात झिरपायचं, वारा लागून कपाट गार व्हायचं, आत लोणी-मटण टिकायचं. मुंग्या चढू नयेत म्हणून पाय पाण्याच्या ताटल्यांत. आपल्या माठाला ओलं फडकं गुंडाळतात ना, तीच युक्ती. या कपाटाला नावच पडलं ‘कूलगार्डी सेफ’. बाहेर रस्त्यांवर उंटांचे काफिले, आणि ते हाकणारे बरेचसे तेव्हाच्या हिंदुस्थानच्या सरहद्दीकडचे. टायफॉईडने मात्र तरणीताठी माणसं भराभर गेली. चांगलं पाणी मिळालं असतं तर त्यांतली कितीतरी वाचली असती, हे वाचताना जीव तुटतो.

आता खरा आकडा. इंजिनिअर सी. वाय. ओकॉनर यांनी ठरवलं, समुद्राच्या बाजूच्या मंडारिंगला नदी अडवायची आणि तिथून कालगुर्लीपर्यंत नळ टाकायचा. लांबी सुमारे ५५७ किलोमीटर. रेल्वेने मुंबई-पुणे १९२, म्हणजे जवळजवळ तीन खेपा! किंवा असं बघा. जालन्याहून रुळांच्या कडेने नळ टाकत निघा, मुंबई गाठा, पुण्याकडे वळा, तो खंडाळ्याच्या घाटात जाऊन थांबेल. साठ हजारांहून जास्त पोलादी नळ, एकेक टनाच्या वर. आपण जालनेकर सळईच्या गावचे, आपल्याला टनाची भाषा कळते. साठ हजार टन वाहायला सतरा-अठरा मालगाड्या लागतील. पाणी वर चढवायचं तीनशे मीटरहून जास्त, म्हणजे देवगिरीचा डोंगर आणि त्यावर अर्धा देवगिरी. त्यासाठी वाफेवर चालणारी आठ पंपिंग स्टेशनं. कर्ज २५ लाख पौंड. तेवढ्या सोन्याच्या गिन्न्या तराजूत टाकल्या तर वीस टन भरतील. बेलीने आणलं तसं साडेअकराशे घोड्यांवरचं ओझं!

आणि पाणी किती? दिवसाला ५० लाख गॅलन पोचवायची ताकद. दोन कोटी सत्तावीस लाख लिटर. वीस फूट व्यासाच्या, चाळीस फूट काठोकाठ भरलेल्या चौसष्ट विहिरी रोज उपसायच्या! २०१६ला मिरजेहून लातूरला गेलेली पन्नास डब्यांची ‘जलदूत’ आठवते? २५ लाख लिटरची? तशा नऊ गाड्या, रोज! टँकर म्हणाल तर २,२७० टँकर. एकाला एक चिकटून उभे केले तर जालन्याहून निघालेली रांग बदनापूरच्या जवळ पोचेल. दर अडतीस सेकंदांना एक टँकर, दिवसा, रात्री, दिवाळीला, पोळ्याला!

वर्तमानपत्रांनी ओकॉनर यांच्यावर वर्षानुवर्षं झोड उठवली. १० मार्च १९०२ला त्यांनी आपलं जीवन संपवलं. २४ जानेवारी १९०३ला कालगुर्लीत पाण्याचा सोहळा झाला.

कूलगार्डीत १८९८च्या सुमारास पंधराएक हजार माणसं होती. आज हजारही नाहीत. नळ चालू आहे. त्याचं पाणी लाखभर लोक पितात.