जीपचा मागचा डिफरन्शियल : कोणता भाग कशाला चालतो?

जुन्या जीपची दुरुस्ती करणाऱ्या आणि जुने सुटे भाग विकणाऱ्या आमच्या बांधवांना एक अडचण वारंवार येते. गिऱ्हाईक "विलिजचा डिफरन्शियल" मागते. दुकानात दोन-तीन हाउसिंग पडलेले असतात आणि दिसायला ते सारखेच असतात. त्यातला एक दिला जातो आणि आठवड्याने तोच माल परत येतो. कधी शाफ्ट बसत नाही, कधी आवाज येतो, तर कधी फोर-व्हील लावताच गाडी अडते. पैसे परत करावे लागतात आणि नावही जाते. म्हणून कोणता भाग कशाला चालतो व तो कसा ओळखावा, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

रचना

प्रोपेलर शाफ्ट पिनियनला फिरवतो आणि पिनियन क्राऊनला. क्राऊन ज्या केसवर बोल्टने आवळलेला असतो, त्या केसमध्ये लहान स्पायडर गिअर व दोन साइड गिअर असतात. साइड गिअरमध्ये अडकलेले दोन शाफ्ट चाके फिरवतात. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फिरावे लागते. ती मोकळीक स्पायडर गिअर देतात.

एकच घराणे, वेगवेगळे ॲक्सल

दुसऱ्या महायुद्धातील विलिज एमबी जीपला मागे स्पायसर २३-२ ॲक्सल होता. युद्धानंतरच्या नागरी सीजे-२ए जीपला आधी हाच ॲक्सल आला, मग ४१-२ आणि पुढे ४४. अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात तयार झालेल्या सीजे-३बी या जीपला मागे ४४ होता. १९४५ साली महिंद्र अँड महंमद या नावाने सुरू झालेली आणि १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र झालेली कंपनी हीच जीप परवान्याखाली आपल्याकडे बनवू लागली. तिच्यापासून निघालेल्या गाड्या अमेरिकेत ३बी बंद झाल्यावरही इथे अनेक वर्षे तयार होत राहिल्या. त्यामुळे बाजारात लष्करी, नागरी, अमेरिकी आणि देशी असा सर्व माल एकत्र मिसळलेला आहे. केवळ "विलिज" हे नाव त्यासाठी पुरेसे नाही.

रेशो आधी मोजा

क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते म्हणजे रेशो. एमबीमध्ये ३९ व ८ दाते, म्हणजे ४.८८. सीजे-३बीमध्ये ४३ व ८, म्हणजे ५.३८. हाउसिंग न उघडताही अंदाज घेता येतो. गिअर न्यूट्रल करावा, इतर चाकांना ओट लावावी आणि मागचे एकच चाक उचलावे. या जीपचा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर असतो, तो सोडायला विसरू नये. उचललेले चाक पुरते दोन वेळा फिरवावे आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजावेत. पाचला थोडे कमी भरले तर ४.८८, पाचच्या वर एक तृतीयांशाहून किंचित जास्त भरले तर ५.३८.

पुढचा व मागचा रेशो एकच असला पाहिजे. मागे ५.३८ आणि पुढे ४.८८ असेल, तर फोर-व्हीलमध्ये पुढची चाके दहा टक्के जास्त फिरू पाहतात. चिखलात ती घसरून वेळ मारून नेतात. डांबरी रस्त्यावर मात्र सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो आणि गिअर तुटतात.

स्प्लाइन आणि केस

४४ ॲक्सलचे शाफ्ट काळानुसार १०, १९ आणि ३० स्प्लाइनचे आले. शाफ्ट व साइड गिअर यांची स्प्लाइन एकच हवी. शिवाय विलिज जीपमध्ये डिफरन्शियल मध्यभागी नसून एका बाजूला असल्याने डावा व उजवा शाफ्ट लांबीने वेगळे असतात.

४४ च्या केसही दोन प्रकारच्या आहेत. ३.७३ व त्याहून कमी रेशोसाठी एक, ३.९२ व त्याहून जास्त रेशोसाठी दुसरी. पिनियन जाड झाला की क्राऊनची बैठक सरकवावी लागते, हे त्याचे कारण. चुकीच्या केसवर क्राऊन आवळला जातो, पण दाते नीट भिडत नाहीत. एमबीच्या पुढच्या २५ ॲक्सलचा क्राऊन-पिनियन मागच्या २३-२ मध्ये चालतो. तो ४४ मध्ये मात्र चालत नाही.

शाफ्टचा प्रकार : इथे जिवाचा प्रश्न आहे

२३-२ हा फुल-फ्लोटिंग आहे. गाडीचे वजन हब पेलतो, शाफ्ट फक्त चाक फिरवतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. ३बीचा ४४ सेमी-फ्लोटिंग आहे. त्यात शाफ्ट वजनही पेलतो, आणि बाहेरच्या टोकाला तो तुटला तर चाकच निघून जाते. त्याच्या निमुळत्या टोकावर हब चावी व मोठ्या नटाने बसतो. नट ढिला राहिला की चावी कापली जाते आणि हबची बैठक खराब होते. घाटात माणसे भरून चालणाऱ्या जीपमध्ये झिजलेली चावी किंवा वेल्डिंग केलेला शाफ्ट कधीही बसवू नये.

जोडी फोडू नका

क्राऊन व पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोन्हींवर जोडीचा एकच क्रमांक असतो. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन लावला की गाडी कण्हत चालते व दाते लवकर उडतात. पिनियनच्या तोंडावर अधिक किंवा उणे खुणेचा आकडा असेल तर त्यानुसार शिम ठरवावी. दात्यांमधील मोकळीक साधारण ०.१३ ते ०.२५ मिलिमीटर ठेवावी. शेंदूर तेलात कालवून दात्यांना लावावा आणि फिरवून पाहावे. ठसा दाताच्या मध्यभागी उमटला तरच काम पुरे समजावे. शेवटी ईपी ९० तेल भरावे.

विक्रेत्यांसाठी

माल उघडला की जोडी तारेने एकत्र बांधावी. रंगाने त्यावर ॲक्सलचा क्रमांक, दात्यांची संख्या आणि स्प्लाइन लिहावी, शाफ्टवर डावा-उजवा लिहावे. झीज किंवा तडा असेल तर तो ऐब गिऱ्हाइकाला आधीच सांगावा. याला खर्च एका ब्रशचा येतो. एकदा मोजून दिलेला माल परत येत नाही आणि ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी थेट आपल्याच दुकानात येते.