आफ्रिकेचे मासे एका पेटीत कसे नांदतील?

आपल्या शाळेला काचेची पेटी मिळाली आहे. ती तीन फूट लांब आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्यात मासे सोडायचे आहेत. पुष्कळ जणांना आफ्रिकेचे रंगीत मासे हवेत. पण एक निळा, एक पिवळा, एक लाल असे बांगड्यांसारखे रंग बघून मासे घेता येत नाहीत. ते एकमेकांचे पर कुरतडतात आणि दुबळा मासा मरतो. पैसे तर सगळ्यांनी दिलेत. माझ्या मामाचे तालुक्याला रंगीत माशांचे दुकान आहे. त्याला विचारून मी हे लिहीत आहे.

या माशांना सिक्लिड म्हणतात. पूर्व आफ्रिकेत मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया ही मोठी सरोवरे आहेत. एकट्या मलावीत सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे पाहिला सिक्लिड? अहो, उजनी धरणातली चिलापी सिक्लिडच आहे! तीही मूळची आफ्रिकेची. १९५२ साली ती भारतात आणली. तिचे कालवण झकास होते, पण पेटीत ती नको. ती फार मोठी होते आणि सगळ्यांना दमदाटी करते.

मलावीच्या खडकांत राहणाऱ्या सिक्लिडना तिकडचे लोक म्बुना म्हणतात. ते दगडावरचे शेवाळ खरवडून खातात. प्रत्येक नर आपली कपार राखतो. बांध कोरला की शेजाऱ्यांत कशी भांडणे होतात, तसेच त्यांचे. आणि त्याला जास्त राग येतो तो आपल्यासारख्या दिसणाऱ्या माशाचा. म्हणून सारख्या रंगाच्या दोन जाती एकत्र घेऊ नयेत. एका नराला तीन-चार माद्या असाव्यात. चारच मासे ठेवले तर दांडगा नर एकाच्याच पाठी लागतो. दहा-बारा असले की त्याचा राग वाटला जातो. दगड रचून भरपूर कपारी कराव्यात. मात्र मासे जास्त म्हणजे घाणही जास्त, म्हणून फिल्टर चांगला हवा आणि दर आठवड्याला पाव पेटी पाणी बदलायला हवे. ती पाळी कोणाची, हे आधी ठरवा!

मला वाटते आपण पिवळा लॅब आणि तांबूस-जांभळा रस्टी घ्यावा. म्बुनांत हे दोन्ही गरीब स्वभावाचे. ऑरेटस दिसायला सुंदर, पण महाभांडखोर. पीकॉक नावाचे मासे शांत असतात, पण त्यांना किडे लागतात. म्बुनांना हिरवे खाणे लागते, किडे जास्त खाल्ले की पोट फुगून मरतात. मग दोघांना एक खाणे कसे पुरणार? एंजल मासा दक्षिण अमेरिकेचा, त्याला हलके पाणी लागते. आपल्या विहिरीचे पाणी जड. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पण म्बुनांना ते मानवते. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते, म्हणून ते दोन दिवस बादलीत ठेवून मगच ओतावे.

म्बुनाची मादी अंडी तोंडात धरते. चिलापीही तसेच करते. तीन आठवडे ती जवळजवळ काही खात नाही. तेव्हा गाल फुगलेली मादी दिसली तर ती आजारी आहे असे समजू नका. काचेवर टिचक्या मारू नका. घाबरली तर ती पिल्ले थुंकून टाकते, आणि बाकीचे मासे ती गट्ट करतात.