गॅल्व्हनाइज: एक क्रियापद, दोन अर्थ आणि काही गैरसमज

एखाद्या नेत्याच्या भाषणाने कार्यकर्ते ‘गॅल्व्हनाइज’ झाले, असं इंग्रजी वर्तमानपत्रांत वाचायला मिळतं. हार्डवेअरच्या दुकानात आपण जीआय पाइप किंवा जीआय पत्रा मागतो, त्यातला ‘जी’ही याच शब्दाचा. एकीकडे खडबडून हलवणं आणि दुसरीकडे लोखंडावर जस्ताचा थर चढवणं, या दोन अर्थांचा मेळ चटकन लागत नाही, म्हणून तो अंदाजाने लावला जातो. पत्र्याला विजेच्या साहाय्याने मुलामा देतात म्हणून हे नाव पडलं, असं काहींना वाटतं. काहींच्या मते मूळ अर्थ पत्र्याचाच आणि माणसांच्या बाबतीत तो ‘मजबूत करणं, कवच चढवणं’ असा झाला. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. या क्रियापदाचे दोन्ही अर्थ एकाच भौतिक घटनेतून आले आहेत: दोन वेगळे धातू ओलाव्याच्या सान्निध्यात एकमेकांना टेकले की विद्युतप्रवाह सुरू होतो.

ही घटना पहिल्यांदा नीट नोंदवली ती इटलीतल्या बोलोन्या शहरात लुईजी गॅल्व्हानी या वैद्याने. 1780च्या दशकात तो मेलेल्या बेडकांच्या पायांवर प्रयोग करत होता. पितळी आकड्यांनी ते पाय लोखंडी कठड्याला टांगले, तर आकाशात वीज नसतानाही ते झटका देत. 1791 मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं आणि ही वीज प्राण्याच्या शरीरातली आहे, असा निष्कर्ष काढला. अलेस्सांद्रो व्होल्टाने तो खोडला. वीज दोन धातूंच्या संपर्कातून येते, असं म्हणत त्याने 1800 मध्ये पहिली विद्युतघटमाला जगापुढे ठेवली. शाळेत ही गोष्ट ‘गॅल्व्हानी चुकला, व्होल्टा जिंकला’ इथेच संपते, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. 1794 मध्ये धातू अजिबात न वापरता, केवळ चेता आणि स्नायू एकमेकांना टेकवून, स्नायू आखडतो हे दाखवलं गेलं होतं. चेतापेशींची स्वतःची वीज असते, हे पुढच्या शतकात सिद्ध झालं. कठड्यावरच्या बेडकाला बाहेरून आलेल्या प्रवाहाने फक्त चेतवलं होतं. पाय उडवणारी ताकद स्नायूची होती.

आता पत्र्याकडे वळू. लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवायची कल्पना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मालुआँ याने 1742 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली होती. व्होल्टाची घटमाला तेव्हा 58 वर्षं दूर होती, त्यामुळे मुलाम्यासाठी वीज वापरण्याचा प्रश्नच नव्हता. आजही बहुतेक पत्रे, पाइप आणि खांब सुमारे 450 अंश सेल्सिअसच्या जस्ताच्या कुंडातच बुडवले जातात. विजेच्या साहाय्यानेही जस्ताचा थर चढवतात, असा आक्षेप येईल आणि तो खरा आहे. स्क्रू, नट-बोल्ट अशा वस्तूंवर तसा पातळ थर देतात. पण शब्दाचा उगम त्या पद्धतीत नाही. 1837 मध्ये सोरेल या फ्रेंच अभियंत्याने बुडवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि गॅल्व्हानीचं नाव तिला चिकटलं, ते थर चढवण्याच्या कृतीमुळे नव्हे, तर चढलेला थर पुढे जे काम करतो त्यामुळे. पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडं झालं आणि त्यावर पाणी साचलं, की लोखंड, जस्त आणि पाणी मिळून एक छोटा विद्युतघट तयार होतो. त्यात झिजतं ते जस्त, लोखंड वाचतं. कथलाचा थर असता तर नेमकं उलट झालं असतं, ओरखड्याजवळचं लोखंड अधिक वेगाने गंजलं असतं. म्हणून जस्ताच्या थराला नुसतं झाकण समजणं चूक आहे, आणि जीआय पत्रा कधीच गंजत नाही ही समजूतही तितकीच चूक. जस्त खर्च होत असतं. कोकणात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ते लवकर संपतं, तोच पत्रा देशावर जास्त वर्षं टिकतो.

शब्द वापरायला एवढं विज्ञान कशाला हवं, असं कुणी म्हणेल. अर्थ बदलतात, लोक वापरतील तो अर्थ रूढ होतो, हे मलाही मान्य आहे. पण इथे रूढ अर्थ बदललेलाच नाही. लाक्षणिक वापर एकोणिसाव्या शतकात थेट त्या झटक्यावरूनच आला आणि जबाबदार इंग्रजी लेखनात तो आजही तसाच आहे: निपचित पडलेल्याला अचानक कृतीला लावणं. संघटना वर्षानुवर्षं बांधून भक्कम केली, तर तिथे हे क्रियापद शोभत नाही. एका घटनेने ती रातोरात रस्त्यावर उतरली, तर शोभतं. आणि चेतवणारी गोष्ट त्या लोकांच्या बाजूची असावीच लागते, असंही नाही. एखाद्या कायद्याने विरोधकांना ‘गॅल्व्हनाइज’ केलं, असं वाक्य इंग्रजीत सर्रास येतं. कवचाचा अर्थ मनात धरून वाचणाऱ्याला त्या कायद्याने विरोधकांना संरक्षण दिलं असं वाटेल. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की तो कायदा आला आणि तोवर गप्प असलेले विरोधक त्याच्याविरुद्ध पेटून उठले.