लेकराला गाडीत बसवून शर्यत धावावी का?

थंडी सुरू झाली की खान्देशात धावण्याच्या स्पर्धांचे फलक लागतात. जळगावात 'खान्देश रन' होते, धुळ्यातही मॅरेथॉन भरली आहे. मेहरूण तलावाच्या काठावर पहाटे चालायला आणि धावायला आपल्या वस्त्यांतल्या लेकी-सुनाही जाऊ लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. त्यांच्यापैकी कित्येकींच्या घरी वर्ष-दोन वर्षांचे लेकरू असते. मोबाइलवर परदेशातले आई-बाप बाळगाडी ढकलत मॅरेथॉन धावताना दिसतात. मग मनात येते, आपणही लेकराला गाडीत बसवून दहा किंवा एकवीस किलोमीटर धावलो तर काय हरकत आहे? या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

जगात असे धावणारे आहेत. अमेरिकेतले डिक हॉइट यांचा मुलगा रिक जन्मापासून सेरेब्रल पाल्सीने बांधलेला होता. १९७७ साली बापाने त्याची खुर्ची ढकलत पाच मैलांची पहिली शर्यत पूर्ण केली आणि पुढे बापलेक मिळून हजाराहून अधिक स्पर्धांत उतरले. पण रिक तेव्हा लहान बाळ नव्हता. त्याची स्वतःची इच्छा होती आणि ती तो सांगू शकत होता. आठ महिन्यांच्या लेकराला आपली इच्छा सांगता येत नाही. त्याच्या वतीने आपल्यालाच विचार करावा लागतो.

बाळाच्या शरीराला काय सोसते?

पहिली गोष्ट मानेची. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मान कच्ची. धावताना गाडीला बसणारे हादरे त्या मानेला सोसत नाहीत. म्हणून बाळ सहा ते आठ महिन्यांचे होऊन, आधाराशिवाय नीट बसू लागेपर्यंत त्याला गाडीत घालून धावू नये. बाळ वेळेआधी जन्मलेले असेल किंवा वजनाने कमी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. लेकराला झोळीत, कडेवर किंवा पाठीला बांधून चालायला हरकत नाही, पण धावणे कधीच नको. पाय अडखळला तर आई लेकरावरच पडते.

दुसरी गोष्ट वेळेची. पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सूचना काढल्या. त्यांत म्हटले आहे की लहान मुलाला बाळगाडीत किंवा पाठीला बांधून सलग एक तासापेक्षा जास्त वेळ जखडून ठेवू नये. एक ते दोन वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल व्हायला हवी, असेही त्यांत आहे. आता हिशोब करू. नव्याने धावू लागलेल्या आईला एकवीस किलोमीटरला अडीच ते तीन तास लागतात. तेवढा वेळ लेकरू पट्ट्यात अडकून बसणार. आई धावते, लेकरू मात्र जागचे हलत नाही. म्हणून लेकरू बरोबर असेल तर तीन ते पाच किलोमीटर पुरे. त्याहून लांब शर्यत लेकराला घरी ठेवूनच धावावी.

तिसरी गोष्ट हवेची. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो. फेब्रुवारी संपता संपताच सकाळी नऊनंतरचे ऊन चटके देऊ लागते. ऊन लागू नये म्हणून काही जण गाडीवर ओढणी किंवा जाड कापड टाकतात. त्याने आत वारा खेळत नाही आणि गाडी भट्टीसारखी तापते. थंडीत याच्या उलट घडते. पळणाऱ्या आईला घाम फुटतो, तेव्हा निश्चल बसलेले लेकरू गारठलेले असते. रस्त्यावरून जाताना लेकराचे तोंड वाहनांच्या धुराच्या उंचीवर येते, हेही विसरू नये.

गाडी कोणती?

बाजारात मिळणारी साधी, घडी होणारी, चार छोट्या चाकांची बाळगाडी धावण्यासाठी नसते. एखाद्या खड्ड्यात चाक अडकले की ती उलटते. धावण्याच्या गाडीला हवा भरलेली तीन मोठी चाके, हाताने दाबायचा ब्रेक, खांदे-कंबर-मांड्या धरून ठेवणारे पट्टे आणि आईच्या मनगटात अडकवायची दोरी असते. ती महाग असते आणि आपल्या गल्लीतल्या उघड्या गटारींवरून व फरशांवरून नीट चालतही नाही. ती घेता येत नाही म्हणून कोणी वाईट वाटून घेऊ नये. साध्या गाडीत लेकराला घेऊन झपाझप चालणे हाही पुरेसा व्यायाम आहे. मोठ्या माणसांना आठवड्याला दीडशे मिनिटे असे चालणे हवे, म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस.

स्पर्धेत नाव देण्याआधी आयोजकांना जरूर विचारावे. गर्दीत मागचा माणूस गाडीला धडकू शकतो, म्हणून अनेक मॅरेथॉनमध्ये बाळगाडी आणायला मनाई असते.

आईचे शरीर आधी

बाळंतपणानंतर किमान तीन महिने धावू नये. सिझेरियन झाले असेल तर आणखी थांबावे लागू शकते. आधी चालणे, मग हळूहळू वेग. धावताना लघवी सुटणे, ओटीपोटात ओढ किंवा जडपणा वाटणे, पुन्हा रक्त जाणे यांपैकी काही झाले तर थांबावे आणि दवाखान्यात दाखवावे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. जिना चढताना दम लागतो, चक्कर येते, हातपाय गळतात, तिने धावण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ते बारापेक्षा कमी असेल तर आधी उपचार. बाळंतिणीसाठी लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि त्या १८० दिवस घ्यायच्या असतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांना हे सगळे मोकळेपणाने विचारावे.

मग लेकरू कोणाकडे?

खरा प्रश्न गाडीचा नाही. आईला स्वतःसाठी एक तास कोण देणार, हा आहे. आईची काळजी हे फक्त घरचे काम नसून समाजाचे काम आहे, हे बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना मांडले. १९२९ साली तो कायदा झाला. तोच विचार आज वस्तीत आणायचा आहे.

आमची सूचना साधी आहे. पहाटे एक तास विहार उघडावा. दहा जणी असतील तर पाच जणींनी धावावे आणि पाच जणींनी लेकरे सांभाळावीत, दुसऱ्या दिवशी उलट. आजी-आजोबांनी हातभार लावावा. आणि बापाने आठवड्यातून तीन दिवस तरी लेकराला सांभाळावे, त्यात 'मदत' केल्याचा आव आणू नये.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या बंगल्यात थांबले. त्या स्मृतीसाठी दरवर्षी आपली कुटुंबे लेकराबाळांसह लळिंगला जातात. धुळ्याहून ते सुमारे दहा किलोमीटर आहे. कोणी पायी निघणार असेल तर हेच नियम पाळावेत. महामार्गाच्या कडेने बाळगाडी नेऊ नये, लेकराला दर तासाला मोकळे सोडावे, पाणी आणि कोरडे कपडे बरोबर ठेवावेत. पाऊस लागला तर लेकरू वाहनातून पुढे पाठवावे.

सोण कोळिविस नावाचा भिक्खू पाय रक्ताळेपर्यंत चालत राहिला. भगवंतांनी त्याला वीणेची तार आठवायला लावली. फार ताणली तरी ती नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरी नाही. शरीराच्या बाबतीतही मध्यम मार्ग तोच आहे. या रविवारी विहारात बसाल तेव्हा दहा नावे लिहा, पाच-पाचच्या दोन पाळ्या ठरवा आणि सोमवारी पहाटे सुरुवात करा. जय भीम.