सांगली धुळीत नापास!

2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नापास शहरांच्या यादीत सांगली होती. सातारा नव्हतं (म्हणून सातारकरांनी लगेच कॉलर ताठ करू नये, हायवे तिथूनच जातो!). नापास कशात, तर मुख्यतः धुळीत. 10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमच्या आत हवी. त्यातले मोठे कण नाका-घशातच अडकतात. खरी डोकेदुखी अडीच मायक्रॉनच्या आतल्यांची. ते फुफ्फुसात खोलवर जातात, दमा वाढवतात, हृदयालाही सोडत नाहीत. गाड्या, जळता कचरा, पेटवलेलं उसाचं पाचट, सगळ्यांच्या धुरात ते असतात. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, त्यामुळे धूर खालीच कोंडतो. तेव्हा दमा असलेल्या मित्रांनो, डिसेंबरात पहाटे पाचला ग्राउंडवर पळू नका, ऊन वर आल्यावर पळा.