दूरचित्रवाणीवरील कुटुंब आणि तबकडीवरील नाव : 'द पार्ट्रिज फॅमिली अल्बम'च्या निमित्ताने

अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिकांचा समारंभ १६ मार्च १९७१ रोजी झाला. त्यात 'सर्वोत्कृष्ट नवा कलावंत' या विभागात पाच नामांकने होती : कार्पेंटर्स, एल्टन जॉन, मेल्बा मूर, अ‍ॅन मरे आणि द पार्ट्रिज फॅमिली. पारितोषिक कार्पेंटर्स या बहीणभावांच्या जोडीला मिळाले. नामांकनाच्या यादीत मात्र एक विसंगती होती. पहिली चार नावे प्रत्यक्ष हयात असलेल्या कलावंतांची होती. पाचवे नाव ज्या कुटुंबाचे होते ते कुटुंब कोणत्याही गावात राहत नव्हते. ते एबीसी वाहिनीवर दर शुक्रवारी रात्री दाखविल्या जाणाऱ्या अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेतील पात्रांचे कुटुंब होते. काल्पनिक पात्रांना संगीतकार म्हणून मान्यता मिळण्यापर्यंत ही गोष्ट कशी पोहोचली आणि या व्यवहारात प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, याचा विचार प्रस्तुत लेखात ऑक्टोबर १९७० मध्ये प्रकाशित झालेल्या 'द पार्ट्रिज फॅमिली अल्बम' या ध्वनिमुद्रिकेच्या आधारे केला आहे.

पूर्वपीठिका

मालिका आणि तबकडी यांची सांगड घालण्याचा हा पहिलाच प्रयोग नव्हता. स्क्रीन जेम्स ही कोलंबिया पिक्चर्सची दूरचित्रवाणी शाखा. तिने १९६६ साली 'द मंकीज' ही मालिका एनबीसी वाहिनीवर आणली. तिच्यासाठी १९६५ मध्ये चित्रपट व्यवसायातील वृत्तपत्रांत जाहिरात देऊन चार तरुण निवडण्यात आले. पडद्यावर त्यांनी एका धडपडणाऱ्या वाद्यवृंदाची भूमिका करावयाची आणि त्याच नावाने तबकड्या विकावयाच्या, अशी योजना होती. व्यापारी दृष्टीने ती कमालीची यशस्वी ठरली. पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका मिळून सलग ३१ आठवडे 'बिलबोर्ड'च्या यादीत अग्रस्थानी राहिल्या.

अडचण वेगळ्याच ठिकाणी उद्भवली. या चौघांपैकी माइक नेस्मिथ आणि पीटर टॉर्क हे मुळात संगीतकारच होते. आपल्या नावावर खपणाऱ्या तबकड्यांवर वादन दुसऱ्यांचे असते, गीतांची निवडही दुसरेच करतात, ही स्थिती त्यांना असह्य झाली. १९६७ च्या प्रारंभी संघर्ष विकोपाला गेला, संगीत विभागाचे प्रमुख डॉन कर्शनर यांना जावे लागले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात चौघांनी बहुतांशी स्वतः वाजविलेली 'हेडक्वार्टर्स' ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. कर्शनर यांनी पुढे काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. त्यांनी 'द आर्चीज' या व्यंगपटाच्या पात्रांच्या नावाने गाणी काढली आणि १९६९ साली त्यांपैकी 'शुगर, शुगर' हे गाणे चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. कागदावर रेखाटलेली पात्रे गीतांच्या निवडीबाबत तक्रार करीत नाहीत, हा त्यातला सोयीचा भाग!

स्क्रीन जेम्सने 'पार्ट्रिज फॅमिली'साठी निवडलेली वाट या दोहोंच्या मधली होती : माणसे खरी, पण ती संगीतकार नव्हेत, नट. कल्पनेचे मूळ ऱ्होड आयलंड राज्यातील काउसिल्स या खऱ्या गायक-कुटुंबात होते. आई आणि मुले मिळून गाणाऱ्या या कुटुंबाची गाणी १९६७ आणि १९६९ मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली होती. त्यांच्याशी बोलणीही झाली. परंतु मालिकेतील आईच्या भूमिकेसाठी शर्ली जोन्स यांचे नाव पक्के होते, आणि ज्यांच्यावरून कुटुंब कल्पिले त्यांनाच त्यात स्थान उरले नाही.

गॅरेज आणि स्टुडिओ

मालिकेचा पहिला भाग २५ सप्टेंबर १९७० रोजी प्रसारित झाला. त्याचे कथानक संपूर्ण व्यवहाराची गुरुकिल्ली आहे. विधवा आईची पाच मुले घराच्या गॅरेजमध्ये एक गाणे ध्वनिमुद्रित करण्याच्या खटपटीत असतात. ऐन वेळी गायिका हवी म्हणून आईलाच उभे करण्यात येते. दहा वर्षांचा डॅनी ती फीत घेऊन एका व्यवस्थापकाचा पिच्छा पुरवितो. गाणे गाजते, जुनी शाळेची बस विकत घेऊन तिच्यावर रंगीत चौकटी रंगविल्या जातात आणि कुटुंब कार्यक्रमांसाठी बाहेर पडते. संगीत हे घरात, हौसेने आणि परस्परांच्या प्रेमातून निर्माण होते, असे ही कथा सांगते.

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण हॉलिवूडमधील स्टुडिओत, निर्माते वेस फॅरेल यांच्या देखरेखीखाली झाले. ड्रमवर हॅल ब्लेन, बास गिटारवर जो ऑसबॉर्न, पियानोवर लॅरी नेक्टेल असे त्या काळातील लॉस एंजेलिसचे अव्वल व्यावसायिक वादक होते. सहगायन रॉन हिकलिन, जॉन आणि टॉम बाहलर हे बंधू आणि जॅकी वॉर्ड यांचे. मालिकेतील कलावंतांपैकी फक्त दोघांचा आवाज तबकडीवर आहे : थोरला मुलगा कीथ झालेले डेव्हिड कॅसिडी आणि आई झालेल्या शर्ली जोन्स. त्यातही जोन्स यांचा आवाज बहुतांशी कोरसमध्ये मिसळलेला आहे. उरलेल्या चार मुलांनी पडद्यावर वाद्ये धरली आणि ओठ हलविले. ११ गाण्यांपैकी 'आय ॲम ऑन द रोड' सारख्या गाण्यात तर कॅसिडी यांचाही मुख्य आवाज नाही. ते सर्वस्वी हिकलिन यांच्या चमूचे गाणे आहे.

येथे एक योगायोग नोंदविला पाहिजे. प्रारंभी उल्लेखिलेल्या ग्रॅमी समारंभातच सायमन आणि गारफंकेल यांच्या 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर'ला वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचा मान मिळाला. त्या गाण्यातील पियानो नेक्टेल यांचा, बास ऑसबॉर्न यांचा आणि ड्रम ब्लेन यांचे आहेत. म्हणजे तेच तिघे, तेच शहर, जवळपास तोच काळ. एका तबकडीची गणना गंभीर कलाकृतीत होते, दुसरीची बाजारी मालात. दोन्ही तबकड्यांच्या दर्जात अंतर आहे, हे मान्य करावेच लागेल. पण ते अंतर वादनातील 'अस्सलपणा'वरून ठरविता येत नाही. पॉप संगीताच्या समीक्षेत ज्या सहजतेने 'हे बनावट' असा शिक्का मारला जातो, तो शिक्का या एका उदाहरणापुढे तरी टिकत नाही. तीन तासांच्या बैठकीचा संघटनेने ठरवून दिलेला दर घेऊन या वादकांनी दोन्हीकडे सारख्याच निष्ठेने काम केले. 'आय थिंक आय लव्ह यू' या टोनी रोमियो यांच्या गीतातील हार्प्सिकॉर्डचा तुकडा ऐकला तर हे काम पाट्या टाकण्याचे नव्हते, हे ध्यानात येते. हे गाणे नोव्हेंबर १९७० मध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि तेथे तीन आठवडे राहिले. ध्वनिमुद्रिका चौथ्या क्रमांकापर्यंत गेली.

तबकडीच्या चिठ्ठीवर छापलेले श्रेय असे वाचता येते : द पार्ट्रिज फॅमिली, प्रमुख भूमिकेत शर्ली जोन्स, सोबत डेव्हिड कॅसिडी. ही भाषा संगीताची नव्हे, नाटक-सिनेमाच्या श्रेयनामावलीची आहे. तिच्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणाही आहे, कारण गाणारे नट आहेत हे ती लपवीत नाही. परंतु कर्तेपण मात्र ती काल्पनिक कुटुंबाकडेच ठेवते. 'अल्बम' हा शब्दही दुहेरी आहे : ध्वनिमुद्रिका आणि घरातील छायाचित्रांची वही. पुढील तबकड्यांची नावे नाताळचे भेटकार्ड, बाजाराची पिशवी, वही, शब्दकोडे अशी आहेत. सारी शीर्षके घरातल्या वस्तूंची! विकत घेणाऱ्या मुलामुलींच्या हाती तबकडीसोबत त्या घराचा एक तुकडा पडत होता, आणि या घरात ब्लेन किंवा वॉर्ड यांना जागा असणे शक्यच नव्हते. त्यांचे नाव घेताच गॅरेजची कथा कोसळली असती.

कीथचा आवाज

डेव्हिड कॅसिडी यांची निवड नट म्हणून झाली होती, आणि ते गाऊ शकतात हे नंतर ध्यानात आले. शर्ली जोन्स या वास्तवातही त्यांच्या सावत्र आई होत्या, त्यामुळे बनावट कुटुंबातील हा एकच धागा खरा म्हणावा लागेल. मालिका सुरू झाली तेव्हा ते २० वर्षांचे होते आणि पात्र मात्र १६ वर्षांचे. आरंभीच्या काही गाण्यांत फितीची गती वाढवून त्यांचा आवाज अधिक कोवळा करण्यात आला, आणि हे त्यांना आवडले नव्हते. येथे मंकीजच्या प्रकरणाशी असलेला फरक स्पष्ट होतो. नेस्मिथ यांची तक्रार दुसऱ्यांचे काम आपल्या नावावर खपते, अशी होती. कॅसिडी यांच्या बाबतीत उलट झाले : त्यांचे स्वतःचे गाणे कीथ या पात्राच्या नावावर जमा होत होते आणि आवाजही पात्राच्या मापाने कापला जात होता. करारावर सही केली तेव्हा ते तत्कालीन कायद्याप्रमाणे सज्ञान नव्हते, आणि या मुद्द्यावर तो करार नव्याने करून घेण्यात आला. मालिका १९७४ साली संपली. आपल्या प्रतिमेवर विकल्या गेलेल्या वस्तूंच्या उत्पन्नातील वाट्यासाठी त्यांनी २०११ मध्ये दावा दाखल केला, तेव्हा ते ६१ वर्षांचे होते. २०१७ साली त्यांचे निधन झाले.

आपल्याकडील पार्श्वगायन

हे सारे वाचताना मराठी वाचकाच्या मनात साहजिक प्रश्न येईल की, एकाने गावे आणि दुसऱ्याने ओठ हलवावेत यात गैर ते काय? हिंदी-मराठी चित्रपटात ही रीत सर्वमान्य आहे. हॉलिवूडमध्येही ती होती, पण लपविलेली. 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) आणि 'माय फेअर लेडी' (१९६४) या चित्रपटांत नायिकांसाठी गाणाऱ्या मार्नी निक्सन यांचे नाव श्रेयनामावलीत नव्हते. आपल्याकडे उघडपणा पहिल्यापासून होता, असेही नाही. 'महल' (१९४९) या चित्रपटातील 'आयेगा आनेवाला' या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे नाव छापले होते. ते मधुबालाने साकारलेल्या पात्राचे नाव. श्रोत्यांनी विचारणा केल्यावर लता मंगेशकर यांचे नाव पुढे आले. फिल्मफेअर पारितोषिकांत पार्श्वगायनाचा विभागही १९५९ पर्यंत नव्हता, आणि त्यासाठी लताबाईंना भूमिका घ्यावी लागली. 'कामिनी' आणि 'पार्ट्रिज' ही दोन्ही नावे एकाच वृत्तीची आहेत. आपल्याकडे पहिले लवकर पुसले गेले, कारण आवाजाच्या मालकिणीने ते पुसावयास लावले.

वादकांच्या बाबतीत मात्र आपणास अभिमान बाळगण्यासारखे फार नाही. मुंबईच्या स्टुडिओंत दशकानुदशके वाजविणाऱ्या, स्वरमेळ बांधणाऱ्या गोमंतकीय वादकांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच आली. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोहोचले ते 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील गाण्यामुळे, आणि तेही पडद्यावरील पात्राचे नाव म्हणून. त्यांचे व्हायोलिनचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला केलेले ते वंदन होते, हे बहुसंख्य श्रोत्यांना ठाऊकच नव्हते. 'महल'मध्ये गायिका पात्राच्या नावामागे गेली, येथे वादक स्वतःच पात्र झाला.

लॉस एंजेलिसच्या वादकांना मान्यता मिळण्यास बराच काळ जावा लागला. हॅल ब्लेन यांचा समावेश २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये साथीदार वादकांच्या पहिल्या तुकडीत झाला. त्यांच्यातीलच गिटारवादक टॉमी टेडेस्को यांच्या मुलाने, डेनी टेडेस्को यांनी, 'द रेकिंग क्रू' हा माहितीपट २००८ मध्ये महोत्सवांतून दाखविला. सर्वसाधारण प्रदर्शनासाठी तो २०१५ पर्यंत थांबला होता. त्यात वापरलेल्या, म्हणजे याच वादकांनी वाजविलेल्या, गाण्यांच्या परवान्याचे शुल्क भरण्यासाठी पैसे जमवावे लागत होते.